तिजोरीला कुलूप आहे, संगणकाला आहे का?

दोन पिढ्यांपूर्वी पेढीचा जीव वहीत असे आणि वही तिजोरीत असे. संध्याकाळी रोजमेळ जुळला की कीर्द, खतावणी, हुंड्या आणि खरेदीखते आत जात, दार लोटले जाई आणि किल्ली कर्त्या पुरुषाच्या हाती राही. ती तिजोरी आजही अनेक पेढ्यांत आहे आणि तिला रोज कुलूपही लागते. परंतु कोणाकडे किती येणे, कोणत्या गिऱ्हाइकाला कोणता भाव, मालाची मूळ खरेदी किती, वस्तू व सेवा कराची विवरणपत्रे, बँकेचे उतारे, नोकरांच्या आधार व पॅनच्या प्रती, हे सर्व आता टेबलावरच्या किंवा पिशवीतल्या संगणकात असते. म्हणून या लेखात एकाच प्रश्नाचा विचार करू : हा संगणक उद्या परक्याच्या हाती पडला, तर आपली वही त्याला वाचता येईल काय?

"आमच्या संगणकाला पासवर्ड आहे," असे उत्तर बहुतेक जण देतील. ते खरेही असते. परंतु तो पासवर्ड कोणत्या दारावर आहे, हे पाहिले पाहिजे.

पासवर्ड कोणत्या दारावर?

बटण दाबताच विंडोज सुरू होते असे आपल्याला वाटते. वास्तविक त्याआधी बरेच काही घडते. सर्वप्रथम जागी होते ती मदरबोर्डवरील एका चिपमध्ये कायम वस्तीला असलेली छोटी प्रणाली. तिला पूर्वी बायोस म्हणत. अलीकडच्या संगणकांत तिची जागा यूईएफआय या नव्या प्रणालीने घेतली आहे, तरी बोलण्यात बायोस हाच शब्द रूढ आहे आणि आपणही तोच वापरू. ही प्रणाली कीबोर्ड, मेमरी, डिस्क जागेवर आहेत की नाहीत ते तपासते, मग ठरलेल्या क्रमाने विंडोज कोठे आहे याचा शोध घेते आणि सापडताच कारभार तिच्या हाती देते. विंडोज आपला पासवर्ड विचारते ती यानंतर.

म्हणजे हा पासवर्ड वाड्याच्या दिंडी दरवाजावर नाही, तो माजघराच्या दारावर आहे. कोणी लिनक्ससारखी दुसरी प्रणाली असलेला पेनड्राईव्ह लावला आणि बायोसला "आज याच्यावरून सुरू हो" असे सांगितले, तर संगणक आपल्या विंडोजला न विचारताच सुरू होतो. डिस्क उघडी असेल तर तिच्यावरची प्रत्येक फाईल समोर दिसते. दुसरा मार्ग त्याहून सोपा आहे. चार स्क्रू काढून डिस्क बाहेर घ्यावी आणि दुसऱ्या संगणकाला जोडावी. विंडोजचा पासवर्ड या दोन्ही वेळी मध्ये येतच नाही. यासाठी फार मोठे ज्ञान लागत नाही. संगणक दुरुस्त करणारा कोणताही माणूस बंद पडलेल्या यंत्रातील माहिती नेमकी याच रीतीने बाहेर काढून देतो. त्याच्याकडे ते आपल्या सोयीचे असते, चोराकडे तेच आपल्या नुकसानीचे ठरते.

यावर दोन कुलपे आहेत. एक दरवाजाला लागते, दुसरे आतल्या मालालाच. दोघांची कामे वेगळी आहेत आणि एकाने दुसऱ्याचे काम भागत नाही.

पहिले कुलूप : बायोसचा पासवर्ड

संगणक सुरू होताना, पडद्यावर कंपनीचे चिन्ह दिसते त्या क्षणी, एक ठरावीक कळ दाबली की बायोसचे पान उघडते. डेलच्या संगणकात बहुधा एफ2, एचपीमध्ये एफ10, लेनोव्होच्या थिंकपॅडमध्ये एफ1, एसरमध्ये एफ2, आसुसमध्ये एफ2 किंवा डिलीट ही ती कळ असते. क्षण निसटत असेल तर विंडोज चालू असताना शिफ्ट कळ दाबून धरून रीस्टार्ट निवडावे. येणाऱ्या निळ्या पानावरून ट्रबलशूट, मग ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स आणि त्यात यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज या वाटेने तेथेच पोहोचता येते.

आत सिक्युरिटी या विभागात साधारणतः दोन प्रकारचे पासवर्ड असतात. ॲडमिनिस्ट्रेटर किंवा सुपरवायझर पासवर्ड हा बायोसची मांडणी बदलण्यावर बंधन घालतो. युजर किंवा पॉवर-ऑन पासवर्ड हा संगणक सुरू करण्यावरच बंधन घालतो, तो दिल्याशिवाय विंडोजपर्यंत गाडी जातच नाही. पहिला प्रत्येक पेढीने लावावा. त्याच बैठकीत सुरू होण्याच्या क्रमात अंतर्गत डिस्क सर्वांत वर ठेवावी आणि पेनड्राईव्हवरून सुरू होण्याची सोय बंद करावी. नुसता क्रम बदलला आणि पासवर्ड लावला नाही, तर येणारा माणूस तो क्रम पुन्हा उलटा करील. पासवर्ड लावला आणि पेनड्राईव्हची वाट मोकळी ठेवली, तर अनेक संगणकांत सुरुवातीच्या बूट मेनूतून तो सरळ आत जाईल. दोन्ही गोष्टी एकत्रच कराव्यात.

दुसरा, म्हणजे सुरू करतानाचा पासवर्ड, लावण्यापूर्वी थोडा विचार करावा. प्रवासात नेल्या जाणाऱ्या लॅपटॉपला तो अवश्य असावा. मात्र पेढीतील ज्या मुख्य संगणकावर हिशेब ठेवलेला असतो आणि घरून किंवा दुसऱ्या शाखेतून दूरस्थपणे ज्यावर काम चालते, त्याची गोष्ट वेगळी. वीज जाऊन परत आली की तो संगणक पासवर्डपाशी अडून बसेल. रात्री दुकान बंद असताना तेथे पासवर्ड टाकायला कोण जाणार? अशा यंत्राला केवळ ॲडमिनिस्ट्रेटर पासवर्ड पुरे, बाकीचे रक्षण दुसऱ्या कुलपाने करावे.

पासवर्ड निवडताना एक व्यावहारिक सूचना. या पानावर कीबोर्ड साध्या इंग्रजी मांडणीनेच चालतो आणि काही संगणकांत पासवर्डच्या लांबीवर व विशेष चिन्हांवर मर्यादा असते. म्हणून इंग्रजी अक्षरे आणि अंक यांचाच लांबसा पासवर्ड घ्यावा. ब्लूटूथ कीबोर्ड या टप्प्यावर बहुधा जागा झालेला नसतो, तारेचा कीबोर्ड हाताशी असू द्यावा.

या कुलपाची मर्यादा

जुन्या टेबलावरच्या संगणकांत बायोसची मांडणी नाण्याएवढ्या एका बॅटरीच्या आधारावर टिकून असे. ती बॅटरी, जिला बाजारात सीआर2032 म्हणतात, काढून ठेवली किंवा मदरबोर्डवरचा एक जंपर हलवला की पासवर्ड पुसला जाई. आजही अनेक डेस्कटॉपमध्ये ही सोय आहे. आजच्या बहुतेक व्यावसायिक लॅपटॉपमध्ये तसे होत नाही. तेथे पासवर्ड वीज नसतानाही टिकणाऱ्या चिपमध्ये असतो. तो विसरल्यास कंपनीच्या सेवाकेंद्रात मालकीचा पुरावा घेऊन जावे लागते, आणि काही वेळा मदरबोर्ड बदलण्यावाचून मार्ग राहत नाही. लॅपटॉपचे खरेदी बिल फाईलमध्ये जपून ठेवण्याचे हे एक चांगले कारण आहे.

पण खरी उणीव याहून मोठी आहे. बायोसचा पासवर्ड त्या यंत्राचे रक्षण करतो, डिस्कचे नव्हे. डिस्क काढून दुसरीकडे जोडणाऱ्यापुढे तो काहीच करू शकत नाही. पेढीचा माल डिस्कमध्ये आहे आणि डिस्क खिशात मावते.

दुसरे कुलूप : डिस्कचे कूटलेखन

जुन्या व्यापाऱ्यांना सांकेतिक लिपीची ओळख होती. खरेदीची किंमत मालावर अशा अक्षरांत लिहिली जाई की ती दुकानदारालाच कळावी, गिऱ्हाइकाने पाहूनही त्याला बोध होऊ नये. डिस्कचे कूटलेखन, ज्याला एन्क्रिप्शन म्हणतात, हे त्याच जातीचे आहे. डिस्कवरील प्रत्येक अक्षर किल्लीवाचून वाचता येणार नाही अशा रूपात लिहिले जाते. डिस्क कोणी नेली तरी त्याच्या हाती केवळ निरर्थक अक्षरांचा ढीग पडतो.

विंडोजमध्ये या सोयीचे नाव बिटलॉकर. 2007 साली बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टाबरोबर ती आली आणि आज विंडोजच्या प्रो आवृत्तीत पूर्णपणे उपलब्ध आहे. होम आवृत्तीत, यंत्र योग्य असेल तर, तिचेच साधे रूप डिव्हाइस एन्क्रिप्शन या नावाने सेटिंग्जमधील प्रायव्हसी अँड सिक्युरिटी या विभागात सापडते. बिटलॉकर आपली किल्ली टीपीएम नावाच्या सुरक्षा-घटकात ठेवतो. तो संगणकातच असतो. विंडोज 11 साठी टीपीएम 2.0 आवश्यक ठरवलेला असल्याने नव्या संगणकांत तो असतोच. सुरू होण्याची प्रक्रिया नेहमीसारखी असेल तरच टीपीएम किल्ली देतो. पेनड्राईव्हवरून दुसरी प्रणाली सुरू केली किंवा डिस्क दुसऱ्या यंत्राला जोडली, तर किल्ली मिळत नाही. म्हणजे विंडोजच्या साध्या पासवर्डलाही खरा अर्थ येतो तो डिस्क कूटबद्ध झाल्यावरच.

त्याहून अधिक बंदोबस्त हवा असेल, तर प्रो आवृत्तीत विंडोज सुरू होण्यापूर्वीच एक पिन विचारला जाण्याची व्यवस्था करता येते. ग्रुप पॉलिसीमध्ये रिक्वायर ॲडिशनल ऑथेंटिकेशन ॲट स्टार्टअप हा पर्याय चालू करून बिटलॉकरला पिन जोडावा लागतो. हे काम जाणकाराकडून, पण आपण स्वतः शेजारी बसून करून घ्यावे. ॲपलच्या मॅकमध्ये हेच कार्य फाईलव्हॉल्ट करते, लिनक्समध्ये लक्स.

एक सावधगिरी येथेच नोंदवून ठेवावी. बिटलॉकर चालू असताना बायोस अद्ययावत केला किंवा मदरबोर्ड बदलला, तर टीपीएमला प्रक्रिया अनोळखी वाटते आणि पडद्यावर 48 अंकी रिकव्हरी की मागितली जाते. म्हणून बायोस अद्ययावत करण्यापूर्वी बिटलॉकर तात्पुरता सस्पेंड करावा. आणि ती 48 अंकी किल्ली कोठे आहे, हे आजच माहीत असावे.

किल्ली कोणाजवळ आहे?

वाचकहो, या लेखाचा गाभा हाच आहे.

नवा लॅपटॉप आणला की तो सुरू करून देण्याचे काम आपण विक्रेत्याच्या माणसावर किंवा घरातल्या कॉलेजला जाणाऱ्या मुलावर सोपवतो. मायक्रोसॉफ्टचे खाते विचारले जाते, समोरचा माणूस आपले खाते घालून मोकळा होतो. अनेक नव्या लॅपटॉपमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन याच क्षणी आपोआप सुरू होते आणि रिकव्हरी की त्या खात्यात जाऊन बसते. मालकाला डिस्क कूटबद्ध झाली आहे याचाही पत्ता नसतो. दोन वर्षांनी मदरबोर्ड बिघडतो, निळा पडदा 48 अंक मागतो, आणि ते अंक कधीच नोकरी सोडून गेलेल्या विक्रेत्याच्या माणसाच्या खात्यात असतात. तेव्हा वही आपली, डिस्क आपली, पण किल्ली परक्याची. मायक्रोसॉफ्टही ही किल्ली नव्याने तयार करून देऊ शकत नाही.

दुसऱ्याच्या हाती गेलेले कुलूप किती घातक ठरते, याचे उदाहरण विंडोजच्याच इतिहासात आहे. तिच्यात सिसकी नावाची एक जुनी सोय होती. संगणक सुरू होतानाच एक वेगळा पासवर्ड विचारला जाईल, अशी व्यवस्था तिच्यात करता येई. पुढे फोनवरून "आम्ही कंपनीकडून बोलतो, तुमच्या संगणकात व्हायरस आहे" असे सांगणाऱ्या ठगांनी तिचाच उपयोग केला. संगणकाचा ताबा मिळवायचा, सिसकीचा पासवर्ड लावायचा आणि तो सांगण्यासाठी पैसे मागायचे. अखेर 2017 मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 च्या नव्या आवृत्तीतून ती सोय काढून टाकली. सोय मुळात वाईट नव्हती, किल्ली अनोळखी माणसाच्या हाती गेली हे वाईट झाले. असा फोन आला तर तो बंद करावा, आणि पैसे गेलेच तर विलंब न करता 1930 या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

तिसरा प्रसंग बोलायला अवघड, पण व्यापारी घराने टाळू नये असा. सर्व पासवर्ड कर्त्या माणसाच्याच डोक्यात असतात. तो अचानक आजारी पडला किंवा देवाघरी गेला, तर दु:खाच्या त्याच आठवड्यात पत्नीला, भावाला किंवा मुलाला देणेकऱ्यांची यादी, विम्याचे हप्ते, विवरणपत्राची तारीख यांचा शोध घ्यावा लागतो. संगणक समोर असतो आणि उघडत नाही. केंद्रीय वस्तू व सेवा कर कायदा, 2017 च्या कलम 36 प्रमाणे हिशेबाची पुस्तके त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून 72 महिने जपावी लागतात. पासवर्ड ठाऊक नव्हता म्हणून ती जबाबदारी टळत नाही. मजबूत कुलूप लावणे हे अर्धे काम झाले, ते योग्य माणसाला योग्य वेळी उघडता येणे हे उरलेले अर्धे.

बँकेच्या लॉकरची रीत येथे उपयोगी पडते. लॉकर उघडण्यासाठी बँकेची आणि ग्राहकाची अशा दोन किल्ल्या लागतात, एकट्याने तो उघडत नाही. घरातही तसेच करता येईल. एका कागदावर बायोसचा ॲडमिनिस्ट्रेटर पासवर्ड, सुरू करतानाचा पासवर्ड असल्यास तो, बिटलॉकरची 48 अंकी किल्ली, ती कोणत्या संगणकाची आहे, ती कोणत्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जतन आहे आणि तारीख, एवढे सुवाच्य अक्षरात लिहावे. कागद पाकिटात घालून, मोहोर लावून, एक प्रत बँकेच्या लॉकरमध्ये आणि एक घरातील दुसऱ्या विश्वासू व्यक्तीकडे ठेवावी. पाकीट कोठे आहे हे निदान दोघांना ठाऊक असावे. मोहोर तुटलेली दिसली तर पासवर्ड त्याच दिवशी बदलावा. ही व्यवस्था सुनेला आणि मुलीलाही समजावून सांगावी, कारण आज अनेक घरांत हिशेबाचे काम त्याच पाहतात.

हा कागद संगणकाच्या पडद्याला चिकटवू नये, टेबलाच्या खणात ठेवू नये, त्याचा फोटो काढून व्हॉट्सॲपच्या कुटुंब-गटात टाकू नये. बिटलॉकरची किल्ली त्याच संगणकावर जतन करणे म्हणजे तिजोरीची किल्ली तिजोरीतच ठेवून दार लावणे होय.

कुलूप काय करत नाही

सुरू होतानाचे कुलूप बंद संगणकाचे रक्षण करते. संगणक चालू ठेवून आपण जेवायला गेलो तर दार उघडेच असते. जागेवरून उठताना विंडोज आणि एल या दोन कळा एकत्र दाबण्याची सवय नोकरांसह सर्वांना लावावी. रात्री झाकण मिटून झोपवण्याऐवजी संगणक पूर्ण बंद करावा. ई-मेलमधून आलेला व्हायरस या कुलपांना दाद देत नाही, कारण तो विंडोज उघडल्यानंतर आत येतो.

टॅलीतील टॅलीव्हॉल्ट ही याशिवायची तिसरी पायरी आहे. ती एका कंपनीचा हिशेब स्वतंत्रपणे कूटबद्ध करते. नोकरांना संगणक द्यायचा पण भागीदारीचा हिशेब दाखवायचा नाही, अशा ठिकाणी ती उपयुक्त आहे. तिचा पासवर्ड विसरला तर तो परत मिळण्याचा मार्ग नाही, म्हणून तोही पाकिटातील कागदावर असावा.

आणि कोणतेही कुलूप लावण्यापूर्वी हिशेबाची एक ताजी प्रत बाहेरच्या डिस्कवर घेतलेली असावी. कुलूप चोरापासून वाचवते, जळालेल्या डिस्कपासून नाही.

या आठवड्यात करावयाची कामे

1. प्रत्येक संगणकाची डिस्क कूटबद्ध आहे की नाही ते पाहावे. असेल तर तिची रिकव्हरी की कोणाच्या खात्यात आहे ते शोधावे. ती परक्याच्या खात्यात असेल तर बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन पूर्ण बंद करून, स्वतःचे खाते जोडून ते पुन्हा चालू करावे, म्हणजे नवी किल्ली तयार होईल.

2. हिशेबाची प्रत घ्यावी आणि ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी.

3. बायोसचा ॲडमिनिस्ट्रेटर पासवर्ड लावावा, सुरू होण्याचा क्रम नीट करावा, पेनड्राईव्हची वाट बंद करावी. हे काम तंत्रज्ञाने केले तरी पासवर्ड टाइप करताना कीबोर्ड आपल्या हाती असावा.

4. प्रवासातील लॅपटॉपला सुरू करतानाचा पासवर्ड किंवा पिन लावावा.

5. पाकिटे तयार करून दोन ठिकाणी ठेवावीत.

6. हिशेब पाहणारा नोकर काम सोडून गेला, किंवा संगणक दुरुस्तीसाठी पासवर्डसह बाहेर जाऊन आला, की सर्व पासवर्ड बदलून पाकिटातील कागदही बदलावा.

वर्षातून एकदा या व्यवस्थेची तपासणी व्हावी. त्यासाठी नवा मुहूर्त शोधायला नको. दिवाळीत नव्या वह्यांचे पूजन होते, त्याच दिवशी पाकीट उघडून कागदावरील पासवर्डने संगणक सुरू होतो का, हे घरातील दुसऱ्या व्यक्तीने पाहावे. दहा मिनिटांचे काम आहे.

पुढील अंकात बॅकअपचा विचार करू : हिशेबाच्या प्रती किती ठेवाव्यात, कोठे ठेवाव्यात, आणि ठेवलेली प्रत ऐनवेळी उघडते याची खात्री कशी करावी.